एकवीस दातांचा स्क्रू: भिलारहून राजापूरला आलेल्या ग्रास कटरची पूर्ण केस

राजापूर तालुक्यात आमची आंब्या-काजूची बाग आहे, कातळावरची, आणि ज्यांची अशी बाग आहे त्यांना माहितीये की गणपती गेले की दसऱ्यापर्यंतचे दिवस म्हणजे बेणणीचे दिवस. गवत कमरेएवढं झालेलं असतं, ते बी धरायच्या आत आणि वाळून पेटायच्या आत काढावं लागतं. पूर्वी वीस-वीस माणसं कोयती घेऊन उतरायची, आता माणसं मिळत नाहीत म्हणून सगळा भार ग्रास कटरवर. एक मशीन आठवडाभर बंद पडलं तर काय होतं ते बागायतदाराला विचारा. हे सगळं सांगतोय कारण पुढे वाचताना वाटेल की एवढ्याशा स्क्रूसाठी हा माणूस एवढा का धडपडला, तर त्याचं उत्तर हे आहे.

आमच्याकडे दोन मशीन. एक ५२ सीसीचं चायना, ते बाजारात सगळीकडे मिळतं तसं, आणि दुसरं टू-स्ट्रोकच पण चांगल्या कंपनीचं, वजनाला हलकं. हे दुसरं माझ्या मावसभावाचं. त्याची भिलारला स्ट्रॉबेरी आहे, पाचगणीजवळ, त्याने नवीन मशीन घेतलं आणि जुनं मला दिलं, म्हणाला "एकदम ओके आहे, दोन सीझन वापरलंय फक्त, घेऊन जा." आणि तिकडे खरंच ओके होतं, मी स्वतः त्याच्या बांधावर चालवून बघितलं, झकास रेस घेत होतं. गाडीत टाकून खाली आणलं, गॅरेजमध्ये ठेवलं, मे-जून-जुलै-ऑगस्ट तसंच पडून राहिलं, टाकीत पाव लिटर पेट्रोल होतं ते काढायचं राहून गेलं. ही चूक माझी, ती पुढे येईलच.

सप्टेंबरमध्ये बाहेर काढलं तर लक्षण असं: थंड असताना चोक देऊन दोन-तीन दोऱ्यांत चालू होतं, स्लोवर कसंबसं टिकतं, रेस दिली की "भ्वॉ" करून बसतं, म्हणजे ट्रिगर दाबला की आवाज वर जायच्या ऐवजी खाली जातो आणि गप्प. ट्रिगर अगदी हळूहळू, लाडीगोडीने दाबला तर वर जातं, पण मग फुल रेसला आवाज बारीक, किंचाळल्यासारखा, आणि दहा मिनिटं चाललं की ताकद उतरते. गरम झालं की बंद केल्यावर परत चालू व्हायला अर्धा तास.

आता खरी काळजीची गोष्ट. बागेत माणूस मशीन चालवत होता, त्याला ते सारखं बंद पडायचा कंटाळा आला म्हणून त्याने स्लोचा स्क्रू (त्याला साधी फट असते, तो कोणालाही फिरतो) दोन आटे, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, आत घेतला, मशीन बंद पडायचं थांबलं, तो खूश. मी संध्याकाळी गेलो तर मशीन पट्ट्याला लटकतंय, माणूस बाटलीतून पाणी पितोय, ट्रिगरवर हात नाही, आणि खाली पातं फिरतंय, पायापासून वीतभर. मी आधी मशीन बंद केलं आणि मग बोललो. स्लोला पातं अजिबात फिरता कामा नये. आतला क्लच ठरावीक स्पीडच्या वरच धरतो, स्लो जास्त ठेवला की तो अर्धवट धरून ठेवतो, पातं फिरत राहतं आणि क्लचही जळतो. जेव्हा जेव्हा कोणी म्हणतं "स्लो वाढवून काम चालवतोय" तेव्हा मला ते पातं दिसतं. स्लोचा स्क्रू हा रोगावरचा इलाज नाहीच, तो फक्त कार्बोरेटरची झडप किती उघडी राहील ते ठरवतो, पेट्रोल किती जाईल ते एल (लो, म्हणजे कमी स्पीडचा) आणि एच (हाय, म्हणजे फुल रेसचा) या दुसऱ्या दोन स्क्रूंवर असतं.

तर मशीन घेऊन मी एका मेकॅनिककडे गेलो. बाइकचा चांगला हात आहे त्याचा. त्याने प्लग काढला, पांढराफटक. म्हणाला, "दादा, पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. स्क्रू सोडायला पाहिजे अर्धा आटा." निदान शंभर टक्के बरोबर होतं. मग त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि थांबला. दोन भोकं, प्रत्येकात खोलवर एक बारीक गोल डोकं, ना फट ना चौफुली, वरून प्लॅस्टिकची टोपी. "याला पाना नाही आपल्याकडे. फट पाडू का ब्लेडने?" मी नको म्हटलं. त्याला राग आला नाही पण थोडं वाईट वाटलं असावं, कारण रोग कळलाय आणि हात घालता येत नाही ही अवस्था कुठल्याही कारागिराला बोचतेच.

नको का म्हटलं ते सांगतो, कारण फट पाडायचा सल्ला तुम्हालाही दहा जण देतील. स्क्रूचं डोकं भोकाच्या आत असतं. हॅक्सॉ ब्लेडने किंवा छोट्या ग्राइंडरने फट पाडायची तर भोकाच्या कडाही कापल्या जातात, ती कास्टिंग ॲल्युमिनियमची, तिचा कीस आत जातो आणि कार्बोरेटरमधली छिद्रं सुईच्या टोकाएवढी असतात. वर त्या स्क्रूला खाली स्प्रिंग असते, ती त्याला हादऱ्याने फिरू देत नाही, कापताना स्क्रू आत फिरून आवळला गेला तर टोकाची सुई सीटमध्ये, म्हणजे ती जिथे टेकते त्या जागेत, रुतते आणि सीटला कायमची खाच पडते, मग कितीही ट्युनिंग करा, स्लो स्थिर होत नाही. आमच्या चायना मशीनचं नेमकं हेच झालं होतं, त्याला साध्या फटीचे स्क्रू आहेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण पिळून गेला.

आणि दुसरं कारण: टूल मिळालं असतं तरी त्या दिवशी स्क्रूला हात लावायचाच नव्हता. पेट्रोल कमी पडतंय हे बरोबर, पण का कमी पडतंय? काल-परवापर्यंत भिलारला चालणाऱ्या मशीनला अचानक पेट्रोल का कमी पडेल? स्क्रू तर आपोआप फिरत नाहीत. म्हणून घरी आणून आधी बाकीचं सगळं बघितलं. एअर फिल्टर धुतला. टाकीतला फिल्टर, जो पाइपच्या टोकाला लोंबकळतो, तो तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बदलला. सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढली तर कार्बनने अर्धी बुजलेली, ती गॅसवर लाल करून ब्रश मारला. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघितलं, म्हणजे टाकीत हवा जायची वाट बंद आहे का ते कळतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या जोडावर चालू मशीनवर थोडा कार्ब क्लीनर स्प्रे मारला, आवाज बदलला असता तर तिथून हवा खातंय असं समजायचं (इंजिन तापलेलं नसताना, आणि स्प्रे जपून, तो पेट घेतो). आवाज बदलला नाही. हवा खाणाऱ्या मशीनला जर स्क्रू सोडून पेट्रोल वाढवून दिलं तर दोन दिवस छान चालतं आणि मग पिस्टन जाम होतो, म्हणून हे तपासल्याशिवाय ट्युनिंग म्हणजे तापावर नुसतं घोंगडं घालण्यासारखं आहे.

मग कार्बोरेटर खोलला. हे कार्बोरेटर बाइकसारखे नसतात, यात फ्लोट आणि पेट्रोलची वाटी नसते कारण मशीन आडवं-तिरकं धरावं लागतं, त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर पंपासारखा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा इंजिन पेट्रोल ओढेल तसा खाली-वर होऊन एका छोट्या तरफेने सुई उघडतो-मिटतो. दुसरा पडदा मी बोटांत धरला तर कडकड वाजला, पापडासारखा. नवा असतो तो ओल्या केळीच्या पानासारखा लुसलुशीत. कडक पडदा पुरेसा हलत नाही, सुई पुरेशी उघडत नाही, पेट्रोल कमी.

याला पेट्रोलही कारण आहे हे मी ठामपणे सांगतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर ओढायला पाणीच पाणी, आणि जुन्या रबराचे पडदे, पाइप त्याने फुगतात, मग वाळले की ताठरतात. टाकीत पाव लिटर चार महिने ठेवणं म्हणजे पडद्यांना त्यात भिजत घालणं. आता मी मशीन ठेवताना टाकी रिकामी करतो आणि मग स्लोवर चालवून आपणहून बंद पडेपर्यंत आतलं संपवतो.

कार्बोरेटरच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, जगभरात या छोट्या इंजिनांवर मुख्यतः वॉल्ब्रो आणि झामा हीच दोन नावं दिसतात, त्या नंबरवरून पडद्यांचं किट मागवलं. किट बदलून मशीन चालू केलं. फरक पडला, निम्मा. आता रेस दिल्यावर बंद पडत नव्हतं, पण अडखळत होतं, आणि वरचा बारीक किंचाळता आवाज तसाच. म्हणजे आता उरलं ते स्क्रूंचंच.

आता हे स्क्रू असे का बनवतात? याची सुरुवात अमेरिकेतली. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतानाच जुना धूर बाहेर जात असतो, त्यामुळे थोडं कच्चं पेट्रोल-ऑइल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. कॅलिफोर्नियाने १९९५ पासून आणि अख्ख्या अमेरिकेने १९९७ च्या मॉडेलांपासून अशा छोट्या इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या. मग कंपन्यांनी पेट्रोल कमीत कमी सेट करून स्क्रूला मर्यादेची टोपी घातली आणि डोकी अशी केली की घरातल्या स्क्रू ड्रायव्हरने फिरू नयेत. उद्देशाशी माझं भांडण नाही, तो धूर आमच्याच माणसाच्या नाकात जातो. पण टूल फक्त डीलरकडे आणि डीलर आमच्यापासून दोन तालुके पलीकडे, ही अडचण शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

टूल शोधायला निघालो तर पहिलं समजलं की "कार्बोरेटरचा पाना द्या" म्हणून चालतच नाही. राजापुरात हार्डवेअरवाल्याने घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरचा सेट दाखवला, मोबाइल रिपेअरचा सेट दाखवला, बॉक्स पान्यांत सगळ्यात बारीक दाखवला. एकही बसला नाही. रत्नागिरीत एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने उलट विचारलं, "डोकं कसलं आहे?" मला सांगता आलं नाही. गोल आहे एवढंच. त्याने मला त्याच्याकडचे नमुने दाखवले आणि त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते इथे लिहितो, कारण एवढं माहीत असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

एक असतं डी, म्हणजे गोल दांडा एका बाजूने सपाट तासलेला. दुसरं डबल डी, दोन्ही बाजूंनी तासलेला. तिसऱ्याला पॅकमन म्हणतात, त्या जुन्या व्हिडिओ गेमवरून, गोल भाकरीचा एक कोर मोडून घेतल्यावर उरलेली भाकरी दिसते तसं. चौथं षटकोनी, बारीक ॲलन पान्याला उलटं केल्यासारखं. आणि पाचवं स्प्लाइन, म्हणजे गोल डोक्याच्या कडेने बारीक उभे दात, मोदकाला कळ्या पाडतात तसे. या सगळ्यांत डोकं बाहेरून पकडायचं असतं, म्हणून टूल म्हणजे स्क्रू ड्रायव्हर नसून लांब बारीक नळी असते जिच्या तोंडाशी आतून तोच आकार कोरलेला असतो.

घरी आलो आणि आमचं डोकं कसलं ते बघायला बसलो. टोपी ओढून काढायची होती. ती प्लॅस्टिकची असते, एका कानाने अडते. बारीक लाकडाचा स्क्रू टोपीच्या मधोमध दोन-तीन वेढे घालून पकडीने सरळ बाहेर ओढली, टप करून आली. (मशीन वॉरंटीत असेल तर हे करू नका, वॉरंटी जाते. आमची संपलेली होती.) आत टॉर्च मारून मोबाइलने फोटो काढले, झूम केले, पण चकाकीमुळे दात आहेत की नुसत्या रेघा ते कळेना. मग बाबांनी युक्ती केली. मेणबत्तीचं मेण थोडं मऊ करून उदबत्तीच्या काडीच्या टोकाला लावलं, थंड होत आलं तसं भोकात घालून डोक्यावर हलकं दाबलं आणि सरळ वर काढलं. मेणात ठसा. बाबा त्यांचा पोथी वाचायचा भिंग घेऊन खिडकीत बसले आणि टाचणीच्या टोकाने एकेक दात मोजत गेले, तीनदा मोजले. एकवीस. "एकवीस मोदक," म्हणाले, "विसरायचा नाहीस." आणि नंतर कळलं की २१ दातांचं स्प्लाइन हा खरंच ठरलेला प्रकार आहे, टूलच्या नावातच २१ असतं.

मधल्या काळात लोकांनी सुचवलेले जुगाड करून बघितले, खोटं कशाला सांगू, बेणणी थांबलेली होती. बॉलपेनची रिकामी नळी लायटरवर मऊ करून डोक्यावर दाबली, गार झाल्यावर तिच्यात दात उमटले, आणि एल स्क्रू तिने पाव आटा फिरला सुद्धा, पण फिरला की नळीच पिळली हे नक्की सांगता येईना, आणि ट्युनिंगमध्ये एक अष्टमांश आट्याने फरक पडतो. लांज्याला लेथवाले काका आहेत, त्यांनी पितळी दांड्याला भोक मारून द्यायची तयारी दाखवली, पण दात कसे पाडणार तर डोक्यावर ठोकून. कार्बोरेटरवर हातोडी मला मान्य नव्हती. त्यातल्या त्यात बरा जुगाड म्हणजे गाडीच्या वायरिंगमध्ये वापरतात ते बारीक पितळी जोडनळीचं थिंबल, ते डोक्यावर घट्ट बसेल इतपत पकडीने दाबून घ्यायचं, वर स्क्रू ड्रायव्हर बसवायचा. रानात अडलात तर एका वेळेपुरतं चालेल. रोजच्या कामाला नाही.

ऑनलाइन मागवताना पहिला सेट चुकला. फोटोत सात टूल दिसत होती, आलं त्यात डी, डबल डी, पॅकमन, षटकोनी आणि तीन साधे, स्प्लाइन नाहीच. परत पाठवला. दुसऱ्यांदा नावात "२१ दात स्प्लाइन" शोधून एकटं टूल आणि त्याच्याबरोबर डबल डी असं मागवलं, साडेतीनशेच्या आसपास पडलं. आलं, मेणाच्या ठशावर लावून बघितलं, दात जुळले. भोकात घातलं तर जाईना! नळीची भिंत जाड. डोक्याभोवती भोकात जागा अगदीच कमी, दात बरोबर असूनही टूल तिथपर्यंत पोचतच नव्हतं. ही गोष्ट कुठल्याच वर्णनात लिहिलेली नसते. शेवटी लेथवाल्या काकांकडेच गेलो, त्यांनी ते लेथवर धरून बाहेरून पाव मिलिमीटरच्या आसपास तासलं, दोन मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. तर टूल घेताना तीन गोष्टी बघायच्या: आकार, बाहेरची जाडी, आणि लांबी, कारण एअर फिल्टरच्या खोबणीतून हात आत जात नाही आणि चालू मशीनवर सायलेन्सर तिथेच बाजूला तापलेला असतो.

आता मुख्य काम. पहिल्यांदा मशीन बंद असताना, टूल लावून, एल स्क्रू अगदी हलक्या बोटांनी आत घेत गेलो आणि मोजत गेलो किती आट्यांवर टेकतो. टेकला की थांबायचं, आवळायचं नाही. एल: पाऊण आट्याहून थोडा जास्त. एच: बरोबर एक. मशीनच्या पुस्तकात दोन्हीसाठी सुरुवातीचा आकडा सव्वा आटा. म्हणजे दोन्ही स्क्रू मुळातच आवळलेले होते. मी मावसभावाला फोन लावला, "तू कधी कोणाकडून सेट करून घेतलंस का रे?" तो म्हणाला, "घेतलं तेव्हाच, दुकानवाला घरी येऊन टूल लावून करून गेला. इथे वर आल्यावर धूर फार मारायचं."

इथे वर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचगणीचा तो सगळा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेबाराशे-तेराशे मीटरवर. आमची बाग शंभर-सव्वाशे मीटरवर. तिकडे हवा आमच्यापेक्षा साधारण दहा टक्के विरळ, त्यामुळे त्याच मशीनला तिकडे पेट्रोल जास्त होतं, धूर मारतं, म्हणून त्या माणसाने स्क्रू आवळून बरोबर सेट करून दिलं, आणि त्या उंचीला ते अगदी योग्यच होतं. तेच मशीन मी घाट उतरून खाली आणलं, इथे हवा दाट, प्रत्येक श्वासाला हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच. वर प्लॅस्टिकच्या टोपीमुळे पाव आट्याच्या पलीकडे सोडताही येईना. कडक पडद्याने त्यात भर घातली, पण पडदा बदलूनही निम्मंच का सुधारलं त्याचं कारण हे. चुकलं कोणाचंच नव्हतं, मशीनने मुक्काम बदलला होता. खालून वर नेलेलं मशीन नुसतं धुरकटतं, पण वरून खाली आणलेलं जळतं, कारण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन जाम व्हायच्या आत थांबलो हे आमचं नशीब.

दोन्ही स्क्रू सव्वा आट्यावर आणले. ताजं पेट्रोल, पुस्तकात ५० ला १ लिहिलंय म्हणजे लिटरला २० मिली टूटी ऑइल, मापाने, अंदाजाने नाही. मशीन चालू करून चार-पाच मिनिटं गरम होऊ दिलं, थंड इंजिनवर केलेलं ट्युनिंग गरम झाल्यावर खोटं पडतं. गार्ड आणि पातं लावलेलंच ठेवलं, आजूबाजूला कोणी नाही, डोळ्याला चष्मा. मग आधी एल: थोडा आत घेतला तर स्पीड वाढत वाढत एका जागी डळमळायला लागला, परत सोडत गेलो तर भरून आला आणि मग जड, फडफड व्हायला लागला. या दोन्हींच्या मधे जिथे सगळ्यात उंच आणि स्थिर स्पीड होता तिथून एक अष्टमांश आटा सोडला, म्हणजे पेट्रोलच्या बाजूला. ट्रिगर झटक्यात दाबला, "व्हॅंग" करून लगेच वर गेलं. माझ्या अंगावर काटा आला, इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला. त्यानंतर स्लोचा स्क्रू सोडत गेलो, पातं पूर्ण थांबेपर्यंत आणि त्याच्याही थोडं खाली.

एच सगळ्यात जपून. फुल रेस दोन-तीन सेकंदच, लोड नसताना. बरोबर सेट असेल तर फुल रेसला आवाज स्वच्छ नसतो, त्यात किंचित "बर्रर्र" अशी खरखर असते, फोर-स्ट्रोकसारखी अडखळ, आणि गवतात घातलं की ती खरखर जाऊन आवाज स्वच्छ होतो. लोड नसताना आवाज एकदम स्वच्छ, गुळगुळीत, किंचाळता असेल तर लोकांना वाटतं मशीन काय मस्त पळतंय. तो आवाज फसवा आहे, तिथे पेट्रोल कमी पडत असतं. मी सोडत सोडत ती खरखर आणली, गवतात घालून बघितली, गेली. बाहेर काढलं, परत आली. तिथेच थांबलो. एच सुमारे दीड आट्याला थोडा कमी, एल सव्वाच्या जरासा पुढे.

कानावर पूर्ण भरवसा ठेवायला मला अजून अनुभव नाही म्हणून छोटा टॅकोमीटर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा) घेतला, त्याची वायर प्लगच्या जाड वायरवर चार-पाच वेढे गुंडाळायची, बाकी काही जोडायचं नाही. त्यात एकच सेटिंग नीट बघायचं, टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला एक ठिणगी असते, ते फोर-स्ट्रोकवर राहिलं तर आकडा दुप्पट किंवा अर्धा दाखवतो आणि माणूस घाबरतो. आमच्या मशीनच्या पुस्तकात स्लो २८०० आणि लोडशिवाय जास्तीत जास्त १०५०० लिहिलंय. ट्युनिंगच्या आधी, किट बदलल्यावर, ११४०० दाखवत होतं, ही ती किंचाळी. नंतर १०२००. स्लो २८०० च्या आसपास, पातं गप्प.

त्या दिवशी तीन टाक्या सलग मारल्या. तिसऱ्यानंतर प्लग काढला तर पांढरा गेलेला, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. गरम असताना बंद करून लगेच दोरी ओढली, एका ओढीत चालू. दसऱ्याच्या आधी दोन दिवस खालच्या अंगाची सगळी कलमं मोकळी झाली. खर्च म्हणाल तर किट, टूल, टॅकोमीटर, फिल्टर, प्लग सगळं धरून दोन हजाराच्या आत. नवा कार्बोरेटर टाकला असता तर त्याहून जास्त गेले असते आणि तोही आमच्या हवेला सेट करावाच लागला असता, त्याच टूलने.

ज्या मेकॅनिकने प्लग बघून पहिल्या मिनिटात निदान केलं होतं त्याला मी टूल दाखवायला घेऊन गेलो. त्याने बोटात धरून नळीच्या तोंडात बघितलं, मग म्हणाला, "माझ्याकडे असे चार जण येऊन गेलेत या सीझनला, सगळ्यांना परत पाठवलं." त्याच्यासाठी एक जोडी मागवली, यावेळी पातळ भिंतीची मिळाली, तासावी लागली नाही. परवा त्याचा फोन होता, वाडीतल्या कोणाचा तरी फवारणीचा पंप आलाय, त्याचं डोकं कोर मोडलेल्या भाकरीसारखं आहे म्हणाला, मी त्याला मेणाचा ठसा घेऊन ठेव म्हटलं. आणि आमच्या मशीनच्या फिल्टरच्या झाकणाला आतून बाबांनी मार्करने लिहून ठेवलंय: एल सव्वा, एच दीडला कमी, राजापूर.